पुलास्कायची वलगण

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी काही पट्टीचा मासेमार नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आठवडाभर लॅपटॉपसमोर बसतो आणि गेली पाच वर्षं ऑक्टोबर आला की चार दिवस सुट्टी टाकून न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला सॅल्मन रिव्हरवर जाऊन थंडीत कुडकुडत उभा राहतो. आत्तापर्यंत मासे गळाला लागले भरपूर, हातात आले मोजून सात. यावेळी फरक एवढाच की सोबत सासरे होते. अप्पा. वय बहात्तर, राहणार कोलाड, कुंडलिकेच्या काठावर आयुष्य गेलेलं. सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेले, पहिले दोन महिने नातवंडांत बरे गेले आणि मग तिसऱ्या महिन्यात ते खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागले. बायको म्हणाली, अहो न्या की त्यांना तुमच्या त्या नदीवर, नाहीतर हे मला वेड लावतील.

मी अप्पांना सांगितलं की इथे शरद ऋतूत सॅल्मन मासे लेक ऑन्टारियो या मोठ्या तलावातून नदीत वर चढतात, अंडी घालायला. अप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाले, "म्हणजे वलगणच की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या रायगडात जूनचा पहिला दणकून पाऊस पडला की शेतातलं गढूळ पाणी ओढ्यांतून नदीला मिळतं आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट वर चढतात, ओढ्यात, खाचरात, अगदी बांधापर्यंत. ते चढणीचे मासे म्हणजे वलगणीचे मासे. अख्खा गाव रात्री बॅटऱ्या घेऊन बाहेर. शिवडा, मळ्या, खवली, वाम, सगळे गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टच्च भरलेले. अप्पांच्या मते वलगणीच्या माशाच्या चवीपुढे पापलेट म्हणजे पाणी.

दिवस पहिला, बुधवार

सकाळी नऊला निघू म्हणलं होतं, निघालो साडेदहाला, कारण अप्पांनी आदल्या रात्री स्वतःची पिशवी भरली होती आणि त्यात नायलॉनच्या दोऱ्याची एक गुंडाळी, चार गऱ्या आणि एका डबीत काहीतरी वळवळणारं सापडलं. बॅकयार्डमधली गांडुळं. मी म्हणलं अप्पा तिकडे सगळं मिळतं. ते म्हणाले असू द्या.

एडिसनवरून २८७, मग ८०, ३८० आणि मग ८१ पकडला की सरळ उत्तर. स्क्रँटन, बिंगहॅम्टन, सिराक्यूज. पाच तासांचा रस्ता, पण अप्पांचे चहाचे ब्रेक धरून साडेसहा. झाडं पूर्ण रंगलेली, डोंगरच्या डोंगर लाल पिवळे, मला दरवर्षी बघूनही कंटाळा येत नाही, अप्पांनी मात्र एकदाच बघितलं आणि म्हणाले पळस एकच झाड असतो, हे सगळंच जंगल पेटलंय, आणि झोपले.

गावाचं नाव पुलास्की असं लिहितात, पोलिश सेनापतीच्या नावावरून, पण तिथली माणसं पुलास्काय म्हणतात. तुम्ही पुलास्की म्हणालात की दुकानदाराला लगेच कळतं बाहेरचं गिऱ्हाईक आलंय. छोटंसं गाव आहे, हिवाळ्यात लेक ऑन्टारियोवरून येणारा बर्फ इथे कंबरेएवढा साचतो, पण सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये मात्र पंढरपूर होतं. मोटेलांवर "जागा नाही", पेट्रोलपंपावर पहाटे चारला गर्दी, कॉफीच्या लाइनीत सगळे छातीपर्यंतच्या रबरी पँटी घालून उभे. त्या पँटीला वेडर म्हणतात. अप्पांसाठी एक भाड्याने घेतला. घातल्यावर आरशात बघून म्हणाले, "गटार साफ करायला निघालो वाटतं."

लायसन्स काढलं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला सात दिवसांचं २८ डॉलरला मिळतं. अप्पांना पटेचना. नदीत गळ टाकायला सरकारला पैसे? मग दुकानदाराने त्यांचा पासपोर्ट बघून त्यांच्या नावाचा कागद छापून दिला, तो त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी केली आणि आतल्या खिशात ठेवला.

त्याच दुकानात काउंटरवर छोट्या बरण्यांत सॅल्मनची अंडी, नारिंगी, मोत्यासारखी, मीठ आणि पावडर लावून ठेवलेली. अप्पांनी विचारलं हे काय, मी म्हणलं आमिष, गुलाबी जाळीच्या तुकड्यात आठ दहा अंडी बांधायची आणि गळाला लावायची. बराच वेळ गप्प बसले. मग बाहेर आल्यावर, "गाबोळी? आमिषाला गाबोळी लावतात हे लोक?" हे वाक्य पुढचे चार दिवस मला किमान तीस वेळा ऐकायला मिळालं.

संध्याकाळी गावातल्या पुलावर जाऊन उभे राहिलो. हे मी दरवर्षी करतो आणि ज्यांना मासेमारीत शून्य रस आहे त्यांनीही आयुष्यात एकदा करावं. खाली पाणी जेमतेम गुडघाभर, आणि त्यात काळ्या सावल्या. पहिल्यांदा दगड वाटतात. मग एक दगड हलतो. मग दुसरा. मग लक्षात येतं की खालचा अख्खा पट्टा हलतोय. वीस-वीस पौंडाचे किंग सॅल्मन, म्हणजे सॅल्मनमधली सगळ्यात मोठी जात, पाठ पाण्याबाहेर, शेपटी आपटत उथळ पाणी कापत वर चाललेले. अप्पांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "कोयता हवा होता."

दिवस दुसरा, गुरुवार

पहाटे चारला उठलो. ऑल्टमार नावाचं गाव नदीच्या वरच्या अंगाला आहे, तिथे जायचं होतं. नियम असा की सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत पाण्यात गळ टाकायचा नाही, म्हणजे या दिवसांत साधारण सहा पन्नासपर्यंत, पण जागा धरायला लोक साडेचारपासून अंधारात डोक्याला दिवे लावून काठावर बसलेले असतात. पार्किंगमध्ये आम्ही पोचलो तेव्हा शेवटची जागा मिळाली. चार अंश तापमान. अप्पांना दोन स्वेटर, कानटोपी, त्यावर माझं जॅकेट.

आता इथल्या मासेमारीचं एक सांगतो, कारण फोटो बघून लोकांना वाटतं निसर्ग, शांतता, एकटा माणूस आणि नदी. छ्या. विरार लोकल आहे. खांद्याला खांदा लावून माणसं, दोघांत हात-दीड हाताचं अंतर, सगळ्यांनी एकाच लयीत गळ वर टाकायचा, खाली वाहू द्यायचा, परत उचलायचा. एकाची लय चुकली की दहा जणांचे दोरे गुंततात आणि मग शिव्या. कोणाला मासा लागला की तो ओरडतो "फिश ऑन!" आणि मग खालच्या सगळ्यांनी आपापले दोरे गुंडाळायचे, त्याला वाट द्यायची, कारण किंग सॅल्मन पळाला की ट्रेनसारखा पळतो, त्याच्यामागे माणूस धावतो, घसरतो, पडतो, आणि मासा जातो. बहुतेक वेळा मासा जातो.

अजून एक भानगड. सॅल्मन नदीत शिरला की खाणं बंद करतो. पोटात नुसती अंडी नाहीतर वीर्य, आतडं आकसलेलं. मग गळाला लागतो कसा? कधी चिडून चावतो, कधी सवयीने तोंडात घेतो, आणि खूपदा, खरं सांगायचं तर, दोरा त्याच्या तोंडातून सरकतो आणि गळ बाहेरून अडकतो. पाठीत, शेपटीत, पंखात कुठेही अडकलेला मासा ताबडतोब सोडायचा असा नियम आहे. पूर्वी इथे मुद्दाम तीन काट्यांचे जाड गळ ओढून मासे अडकवायची परवानगी होती, १९९० च्या दशकाच्या मध्यात ती पूर्ण बंद झाली. जुने लोक अजून त्याबद्दल हळहळतात. मला विचाराल तर बरं झालं बंद झालं, अजूनही काही जण चोरून तेच करतात आणि वर मोठ्या रुबाबात फोटो काढतात, ते बघून डोकं फिरतं.

पहिला मासा सात वाजून दहा मिनिटांनी लागला. माझ्या नव्या रॉडला. रॉड वाकला, रीलचा ड्रॅग किंचाळायला लागला, मी "फिश ऑन" ओरडलो, अप्पा काठावरून "सोडू नका, सोडू नका" ओरडले, आणि साधारण अकरा सेकंदांत मासा समोरच्या मोठ्या खडकाच्या पलीकडून वळला आणि दोरा तुटला. टक्क. बस. बाजूचा म्हातारा म्हणाला इट हॅपन्स. दुसरा लागला तो पाठीत अडकलेला, त्याला ओढता ओढता पंधरा मिनिटं गेली आणि सोडून दिला. तिसरा परत तुटला. चौथ्याच्या वेळी मी स्वतःच गेलो, गोट्यावरून पाय सटकला, कंबरेपर्यंत पाण्यात, वेडरचा पट्टा आवळलेला होता म्हणून आत पाणी भरलं नाही. तो पट्टा कधीही विसरू नका. वेडरमध्ये पाणी भरलं की माणसाला उभंच राहता येत नाही.

अप्पा काठावर एका ओंडक्यावर बसलेले. नदीकडे बघत. मी दोनदा म्हणलं या की पाण्यात, तर म्हणे "गर्दी आहे, मला बघू द्या."

शेवटी नऊच्या सुमारास एक मासा हातात आला. किंग नव्हता, कोहो होता, सॅल्मनचीच दुसरी जात. फरक कसा ओळखायचा तर तोंड उघडायचं. किंगच्या हिरड्या काळ्या, कोहोच्या पांढरट. शेपटीवर किंगला वर खाली दोन्हीकडे ठिपके, कोहोला फक्त वरच्या भागात. साधारण आठ पौंडांचा, अजून चंदेरी, म्हणजे तलावातून एक-दोन दिवसांपूर्वी वर आलेला. तो ठेवला. कोहोचा जागतिक विक्रम याच नदीवरचा आहे बरं का, सप्टेंबर १९८९ मध्ये पकडलेला, ३३ पौंड ४ औंस. माझा त्याच्या चौथाई, पण मला चालेल.

दुपार व्हायच्या आत अप्पांना हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायचं केंद्र, दाखवायला नेलं. ऑल्टमारलाच आहे, राज्य सरकारची, १९८० पासूनची. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण मी गाडीतच अप्पांना सांगितलं की हे मासे मुळात इथले नाहीतच.

लेक ऑन्टारियोत पूर्वी अटलांटिक सॅल्मन होता, लाखोंनी. जंगलं तोडली, लाकूडगिरण्यांसाठी जागोजागी बांध घातले, नद्यांत भुसा सोडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो मासा तिथून संपला. नंतर तलावांत लॅम्प्री नावाचा रक्त पिणारा ईलसारखा प्राणी पसरला, त्याने मोठे मासे खाल्ले, मोठे मासे गेले म्हणून आलवाइफ नावाचे छोटे चंदेरी मासे बेसुमार वाढले, इतके की मरून किनाऱ्यांवर ढीग लागायचे. त्यांना खाणारं कोणीतरी हवं म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी पॅसिफिक महासागराकडचे कोहो आणि किंग आणून सोडले. म्हणजे उंदरं झाली म्हणून शेजारच्या गावातून मांजर आणलं, आणि मांजर इतकं आवडलं की आता उंदरं कमी पडतील याची काळजी. आता दरवर्षी किती पिल्लं सोडायची हे ठरवताना तलावात आलवाइफ किती उरलेत ते मोजतात.

हॅचरीत काचेच्या मागून बघता येतं. ओढ्यातून मासे शिडीसारख्या पायऱ्यांवरून उड्या मारत वर येतात, आत हौदात जमा होतात. ऑक्टोबरच्या मध्यात अंडी काढायचं काम चालू असतं. किंग आणि कोहो अंडी घातल्यावर तसेही मरतातच, म्हणून मादीचं पोट चिरून अंडी बादलीत, वर नराचं वीर्य पिळायचं, पाणी घालून हलवायचं, झालं. मग ती ट्रेमध्ये, हिवाळ्यात पिल्लं, वसंतात नदीत सोडतात. ज्या पाण्यात लहानपण गेलं त्याचा वास डोक्यात बसतो आणि तीन-चार वर्षांनी तोच वास शोधत मासा परत येतो.

अप्पा काचेला नाक लावून उभे होते. बादल्या बघत होते. एक बादली भरली, दुसरी भरली, सगळी गाबोळी. शेजारी शाळेची सहल आली होती, पोरं ईईई करत होती. अप्पा म्हणाले, "आमच्याकडे हे कोणी केलंच नाही. आम्ही फक्त खाल्ली." मग थोड्या वेळाने, "लहानपणी मी एका रात्रीत टोपलीभर आणायचो. आता वलगणीला माणसं शंभर आणि मासे पाच." मी काही बोललो नाही. नदीत रसायनं, वाळूउपसा, शेतातली औषधं, कारणं काय कमी आहेत, पण पोटुशा माशांवर कोयते चालवले तेही आहेच की, ते त्यांनाही माहीत होतं.

रात्री मोटेलवर पिठलं. कूकर आणला होता. मासा बर्फात. खोलीत मासे शिजवायचे नाहीत अशी पाटी दारावरच होती, वासाने अनुभव आला असणार बिचाऱ्यांना. बाहेर पाऊस सुरू झाला.

दिवस तिसरा, शुक्रवार

रात्रभर पाऊस. पहाटे फोनवर बघितलं तर धरणातून पाणी वाढवलेलं. या नदीवर वर जलविद्युत धरणं आहेत, सप्टेंबर ते डिसेंबर किमान ३३५ क्युसेक सोडायचंच असं त्यांच्या परवान्यात लिहिलंय, आणि आज आकडा होता ७५० च्या आसपास. आपल्याला क्युसेक म्हणलं की पुराच्या बातम्या आठवतात, कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू केलं की १,०५० क्युसेक, त्या मानाने हे काहीच नाही, पण ही नदी छोटी आहे. ३३५ ला जिथे गुडघाभर पाणी तिथे ७५० ला मांडीपर्यंत, आणि ओढ असली की मांडीभर पाणीसुद्धा माणसाला घेऊन जातं.

आज पाइनव्हिलला गेलो. पार्किंग निम्मं रिकामं. माझ्या ओळखीचा एक नाशिककर, दरवर्षी भेटतो, तो सामान गाडीत टाकत होता, म्हणे काल जिथे उभा होतो तिथे आज उभंच राहता येत नाही, मी चाललो मोटेलवर झोपायला. मलाही तेच वाटलं. अप्पांना म्हणलं आज राहू दे, पाणी वाढलंय.

अप्पा हसले. पहिल्यांदा या ट्रिपमध्ये हसले. म्हणाले, "अहो, मी कोलाडचा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुंडलिका ही तशीच नदी. वर भिऱ्याला टाटांचं वीजघर, १९२७ पासूनचं, मुळशीचं पाणी डोंगरातून खाली आणून वीज करतात आणि ते पाणी कुंडलिकेत सोडतात. म्हणून तर मे महिन्यातही तिथे राफ्टिंग चालतं. सकाळी वीजघर सुरू झालं की नदी चढते, बंद झालं की उतरते. अप्पा साठ वर्षं हेच बघत आलेत, दिवसातून एकदा वाढणारं पाणी आणि त्यात मासा कुठे जातो ते.

आता त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली, आणि मी पाच वर्षांत व्हिडिओ बघून जे शिकलो नव्हतो ते तासाभरात कळलं. ते म्हणाले पाणी चढलं की मासा मध्ये राहत नाही, मध्ये ओढ आहे, त्याला काय कसरत करायचीय का, तो काठाला येतो. काल जे काठावर कोरडं होतं तिथे बघा. तुम्ही सगळे आज पण कालच्याच जागी गळ टाकताय, नदीच्या मध्यात. आणि फेस बघा. फेसाची रेघ जिथे हळू चालते तिथे खाली दगड आहे, दगडामागे पाणी शांत, तिथे बसलेला असणार.

आम्ही काठाकाठाने खाली चालत गेलो. एक ठिकाणी मोठं झाड आडवं पडलेलं, त्याच्या खाली साधारण आपल्या हॉलएवढा शांत पट्टा, आणि त्याच्या जरा वर गोट्यांच्या उथळ भागात दोन किंग माद्या आडव्या होऊन शेपटीने खड्डा खणत होत्या. गोटे उडतात, स्वच्छ रंगाचा गोल दिसतो तळाला, तो खड्डा म्हणजे त्यांचं घरटं. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, अंडी चिरडतात, आणि घरट्यावर बसलेल्या माशांना गळ टाकायचा नाही, हा लिहिलेला नियम असो नसो, मी तरी पाळतो.

अप्पा म्हणाले, "त्यांच्या मागे कोण असेल?"

मी म्हणलं, "कोण?"

"अहो, वर कोणी गाबोळी सांडतंय म्हणल्यावर खाली खायला कोणीतरी असणारच."

तर हे स्टीलहेड. मला पुस्तकी माहीत होतं, पण नदी दाखवून कोणी सांगितलं नव्हतं. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त हा तलावात जाऊन मोठा होऊन येतो, तिकडे पॅसिफिककडे समुद्रात जातो. सॅल्मन शरदात अंडी घालून मरतात, स्टीलहेड शरदात नदीत येतो ते सॅल्मनची वाहून आलेली अंडी खायला, हिवाळाभर नदीत राहतो, आणि स्वतः अंडी घालतो वसंतात. आणि घातल्यावर मरतोच असं नाही, परत तलावात जातो, परत येतो. खात असतो म्हणून गळाला खराखुरा लागतो, तोंडानेच. म्हणून इथले जाणते लोक किंगची जत्रा संपायची वाट बघतात आणि नोव्हेंबरात येतात, मी तोपर्यंत सुट्ट्या संपवून बसलेला असतो.

रॉड बदलला. हलका दोरा, वर छोटा तरंगणारा फ्लोट, खाली एक नारिंगी मणी, अंड्यासारखा दिसणारा, आणि त्याच्या दोन बोटं खाली छोटा गळ. अप्पांना मणी आवडला. खरी गाबोळी वाचली म्हणून. पहिल्या आठ-दहा वेळा काही नाही. अप्पा मागून सारखे, अजून जवळ, अजून जवळ, तुमच्या पायाशी टाका. मी वैतागून अगदी काठाला, झाडाच्या फांदीपासून हातभर अंतरावर टाकला. फ्लोट तरंगत आला, घरट्याच्या खालून, शांत पाण्यात वळला, आणि बुडाला.

किंग लागला की वाटतं ट्रकला दोरी बांधलीय. हा वेगळाच. एक सेकंद काही नाही आणि मग पाण्यातून सरळ वर, चार फूट, पूर्ण मासा हवेत, चांदीची पट्टी, गालावर गुलाबी, परत पाण्यात, परत वर. तीन उड्या मोजल्या. माझे हात थरथरत होते, मी काय करतोय तेच कळत नव्हतं, अप्पा मात्र शांत, "ढील द्या... आता नका... आता ओढा... झाडाकडे जाऊ देऊ नका" असं पतंग उडवल्यासारखं. सात-आठ मिनिटांनी जाळ्यात घेतला. म्हणजे अप्पांनी घेतला. कधी पाण्यात उतरले ते मला कळलंच नाही, गुडघाभर पाण्यात उभे, जाळं खाली धरून, मासा स्वतःच आत येईल अशी वाट बघत. तसंच झालं.

सव्वीस-सत्तावीस इंच. एक स्टीलहेड ठेवायची परवानगी आहे, किमान पंचवीस इंच हवा. माझ्या मनात तर गरम तव्यावर तेल सुटायला लागलं होतं.

अप्पांनी पोटाला हात लावून बघितला. "हिच्यात अजून भरली नाही ना?"

"नाही, वसंतात."

"आणि घातल्यावर मरत नाही म्हणालात."

"मरतेच असं नाही."

"मग राहू द्या. काल तो मिळालाय की."

मी गळ काढला, त्यांनी तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तोंड वरच्या दिशेला. गार पाण्यात हात लाल झाले तरी सोडेनात. मग शेपटीचा एक झटका आणि पाणी आमच्या दोघांच्या तोंडावर. फोटो नाही. फोन गाडीत होता. घरी कोणालाच पटत नाही, ते ठीक आहे.

दुपारी अजून एक लागला आणि निसटला, बाकी काही नाही. संध्याकाळ व्हायच्या आत सॅल्मन रिव्हर फॉल्स बघून आलो, ११० फुटी धबधबा, पावसाने भरलेला. चढणारा कुठलाही मासा याच्या वर जाऊ शकत नाही, आता तर धरणांमुळे इथपर्यंतही येत नाही. अप्पांना देवकुंड आठवला, भिऱ्याच्या वरचा. म्हणाले तो उंच आहे. असेल.

दिवस चौथा, शनिवार

सकाळी वीकेंडची गर्दी आली आणि आम्ही निघालो. जाता जाता शेवटचं म्हणून नदीच्या मुखाशी, पोर्ट ऑन्टारियोला गेलो, तिथे १८३८ सालचं जुनं दीपगृह आहे. काठावर मेलेले किंग पडलेले, पांढरे पडलेले, सीगल डोळे टोचतायत, वास भयंकर. अप्पा नाकाला रुमाल न लावता बघत उभे. मेलेला मासा नदीलाच खत होतो, त्यावर किडे, किड्यांवर पिल्लं, असं मी सांगत होतो, ते म्हणाले "हो, हो, कळतंय," म्हणजे गप्प बसा.

घरी पोचलो संध्याकाळी. कोहो साफ केला. एक सूचना महत्त्वाची, लेक ऑन्टारियोच्या माशांच्या चरबीत पीसीबी, मायरेक्ससारखी जुनी रसायनं साठलेली असतात, राज्याचं आरोग्य खातं किती खायचं ते सांगतं, बायकांसाठी आणि मुलांसाठी नियम फार कडक आहेत, म्हणून कातडी काढली, पाठीची आणि पोटाची चरबी काढली, आणि मुलांना त्यातलं दिलंच नाही, त्यांना फिश फिंगर. आणि हो, आपल्याकडे रावसला इंडियन सॅल्मन म्हणतात ना, त्यामुळे बायकोने फोनवर तिच्या मैत्रिणीला सांगितलं बाबांनी रावस आणला. रावसचा आणि सॅल्मनचा काडीचा संबंध नाही, पूर्ण वेगळी जात, पण आगळ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकल्यावर मी वाद घातला नाही.

अप्पांनी दोन तुकड्या खाल्ल्या. "बरा आहे. मळ्याची सर नाही." मग हात धुऊन आले, आतल्या खिशातून तो लायसन्सचा कागद काढला, ओला होऊन जरा चुरगळलेला, टेबलावर हाताने सरळ केला.

"हे लॅमिनेट होईल का?"

मी म्हणलं अप्पा त्याची मुदत बुधवारी संपते.

"संपू द्या," म्हणाले. "कोलाडला दाखवायचंय. साठ वर्षं बिनापरवाना मारलेत मी."

सोमवारी ऑफिसातून येताना करून आणलं. आता ते त्यांच्या पाकिटात आहे, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला लागून.